शेवटची पिशवी

फ्रीझरच्या तळाशी, गोठलेल्या मटाराखाली
एकच पिशवी उरली होती काळ्या अक्रोडांची.
वर माझंच अक्षर: ऑक्टोबर,
आणि झाड गेलं ते वर्ष.
मोजले तर दीड कप.
पाईला दीडच कप लागतात.
याला मी योगायोग म्हणत नाही,
काटकसर म्हणते.

गुरुवारी थँक्सगिव्हिंग. माणसं अकरा,
व्हर्लिन धरून बारा.
येतो म्हणाला फोनवर, बस्स एवढंच.
पाच वर्षांनी सख्खा भाऊ ‘येतो’ म्हणतो
तेव्हा कशाला, असं विचारायचं नसतं.
तळघरातून एक खुर्ची वर आणायची असते.

लोणी थंडगार हवं. पिठात बोटांनी चुरायचं,
वाटाण्याएवढे खडे राहू द्यायचे.
फार मळलं की पापुद्रा रुसतो.
आई म्हणायची, या पिठाला हात लावावा
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा,
लावला न लावला.
मग नाशपाती, खरबरीत तपकिरी सालीच्या,
किसलेलं आलं, दालचिनी,
आणि मूठभर क्रॅनबेरी,
नाहीतर गोड नुसतंच गोड राहतं.

आता अक्रोड.
हे दुकानातले नव्हेत. दुकानातले सभ्य असतात,
एका टोल्यात दोन फाका.
आमच्या झाडाचे अक्रोड वडील वाटेवर पसरायचे
आणि वरून पिकअप न्यायचे,
पुढे, मागे, पुन्हा पुढे.
तरी फक्त हिरवी साल निघायची,
आतलं कवच हसत पडलेलं.
आणि आमचे हात काळे, थेट नाताळपर्यंत.
शाळेतल्या बाई नखं तपासायच्या
पण बोलायच्या नाहीत काही.
मिझुरीच्या आमच्या त्या कोपऱ्यात
त्यांचीही तशीच असायची.

झाड व्हर्लिनने विकलं.
व्यापाऱ्याने बुंध्याला टेप लावली, आकडा सांगितला.
झाड त्याच्याच हिश्श्यात होतं,
माझी सही लागतच नव्हती.
मला कळलं ते करवतीच्या आवाजाने.
तेव्हा नेड्राचं डायलिसिस सुरू होतं.
हे मला ठाऊक होतं.
ठाऊक असूनही.

पाईचा रस उतू गेला, ओव्हनच्या तळाशी करपला,
घरभर धूर. कुत्रं बाहेर जाऊन बसलं.
कड एका बाजूने जरा जास्तच लाल.
राहू दे म्हटलं.

तो आला, एकटाच.
नेड्रा मार्चमध्ये गेली.
मी कार्ड पाठवलं होतं.
कार्डच.

आमच्याकडे एक नियम आहे, आजोबांपासूनचा:
कितीही निवडा, कवचाचा एक तुकडा राहतोच.
ज्याच्या दाताखाली येईल त्याने भांडी घासायची.

कट्ट.
टेबलावरचे सगळे चमचे थांबले.
व्हर्लिनने जिभेवरून तुकडा उचलून उजेडात धरला.
‘दात तर नाही ना रे?’ ऑटिली मावशी म्हणाली,
आणि बाराच्या बारा हसलो.
तो उठला. बाह्या वर केल्या.

मी पुसायला उभी राहिले शेजारी,
तेव्हा दिसले त्याचे हात.
नखं, बोटांची पेरं, तळव्यावरच्या रेघा,
मनगटापर्यंत काळ्याभोर.
साबणाचा फेस येत होता, जात होता,
डाग होते तिथेच.

‘कुठले?’
‘नदीकाठचे. झाड कुणाचं माहीत नाही.
ट्रकमध्ये दोन पोती आहेत.
एक सोललंय. एक अजून तसंच.’

मी पुसून झालेली बशी पुन्हा पुसली.
‘उद्या वाटेवर पसर,’ म्हटलं,
‘तुझा ट्रक जड आहे.’